कॅथलिक: कैद्याच्या पत्रातून आलेलं नाव

स्मुर्णा. आजचं तुर्कस्तानातलं इझमीर. इथली ही रोमन काळातली बाजारपेठ. तळघरातल्या कमानी अजून शाबूत आहेत आणि त्यांच्याखालून पाणी आजही खळाळतंय.

या शहरातल्या ख्रिस्ती मंडळींना इ.स. 110च्या सुमारास एक पत्र आलं. ख्रिस्तसभेला, म्हणजे चर्चला, 'कॅथलिक' म्हटलेलं पहिल्यांदा सापडतं ते त्यात.

लिहिणारा अंत्युखियाचा (अँटिऑक शहराचा) बिशप इग्नेशियस. त्याला रोमला नेत होते, जनावरांपुढे टाकायला. पहाऱ्यावर दहा शिपाई. इग्नेशियस त्यांना बिबटे म्हणतो. चांगलं वागावं तर आणखीच चवताळणारे! हे पत्र लिहिताना मुक्काम होता त्रोवस बंदरात. तिथे आज उरलेत ते हे भग्न चौथरे आणि झाडीत आडवे पडलेले ग्रॅनाइटचे खांब.

स्मुर्ण्यात काही जण म्हणत होते, येशूनं दुःख भोगलं ते नुसतं दिसण्यापुरतं. त्यांनी वेगळी चूल मांडली होती. इग्नेशियस बजावतो: बिशप असेल तिथे लोकांनी असावं, जसं ख्रिस्त जिथे, तिथे कॅथलिक ख्रिस्तसभा.

शब्द ग्रीक. 'काथ होलू', म्हणजे समग्राला धरून. सरसकट लागू पडणाऱ्या विधानांसाठी ॲरिस्टॉटलनं तो आधीच वापरला होता. 'कॅथलिक म्हणजे जागतिक' असं सांगून आपण मोकळे होतो. पण तेव्हा हे लोक घराघरांत जमणारे मूठभर. इग्नेशियसच्या डोळ्यांपुढे नकाशा कुठला असणार? त्याला हवा होता अखंडपणा.

चौथ्या शतकात जेरुसलेमचा बिशप सिरिल स्नानसंस्काराच्या (बाप्तिस्म्याच्या) उमेदवारांना शिकवतो: परगावी गेलात तर 'प्रभूचं मंदिर कुठे' एवढंच विचारू नका, पाखंडीही आपल्या जागेला तेच म्हणतात. कॅथलिक ख्रिस्तसभा कुठे, असं विचारा. म्हणजे तोवर ते नाव झालं होतं. अर्थ मात्र त्यानं भरभरून सांगितला: सगळ्या देशांत पसरलेली, शिकवण अपुरी न ठेवणारी, राजा-रयत दोघांना सामावणारी, प्रत्येक पापावर उपचार करणारी.

27 फेब्रुवारी 380. थेस्सलनीकाहून सम्राट थिओडोसियसचं फर्मान निघालं: राजमान्य श्रद्धा मानतील तेच कॅथलिक, बाकीचे पाखंडी. पुढे ख्रिस्तसभेत पूर्व-पश्चिम फूट पडली, प्रॉटेस्टंट वेगळे झाले आणि बोलीत हे नाव रोमकडे गेलं. पूर्वेकडची ऑर्थोडॉक्स आणि इंग्लंडमधून आलेली अँग्लिकन मंडळी मात्र उपासनेत आपल्या ख्रिस्तसभेला आजही तोच शब्द लावतात.