सुपरक्रॅक ऑफ द डेझर्ट : खोबणी नसलेली भेग कशी चढायची

नमस्कार मंडळी. आज एकाच भेगेबद्दल बोलू या. अमेरिकेत युटा राज्याच्या आग्नेय भागात इंडियन क्रीक नावाचं वाळवंटी खोरं आहे. तिथल्या लाल कातळात सुमारे ३० मीटर उंचीची एक उभी भेग आहे, तिचं नाव सुपरक्रॅक ऑफ द डेझर्ट. ग्रेड ५.१०, म्हणजे अमेरिकी पद्धतीत चढाई किती कठीण याचा आकडा. हा सिंगल पिच मार्ग आहे, म्हणजे एका दोरात संपणारा. माथ्यावर बोल्टचा अँकर आहे, म्हणजे दोर बांधायची पक्की जागा. मधे बोल्ट नाही की मेख नाही, सगळं प्रोटेक्शन, म्हणजे पडल्यावर दोर अडवणारं सामान, आपणच लावायचं आणि आपणच काढून आणायचं.

१९७६ साली अर्ल विगिन्सने ही भेग लीड केली, म्हणजे दोर खालून घेऊन सगळ्यात पुढे चढली. सोबत एड वेबस्टर आणि ब्रायन बेकर होते. स्प्रिंगवर चालणारे कॅम, म्हणजे भेगेत घातल्यावर पाकळ्या उघडून घट्ट बसणारी साधनं, तेव्हा बाजारात आलेले नव्हते, ते १९७८ मध्ये आले. विगिन्सकडे होते हेक्स, म्हणजे षटकोनी धातूचे पोकळ ठोकळे. समांतर भेगेत हेक्स बसवणं किती कठीण असतं हे ज्याने करून पाहिलंय, त्याला या चढाईची किंमत लगेच कळेल. अरुंद होत जाणाऱ्या भेगेत ठोकळा अडकतो. इथे भेग खालपासून वरपर्यंत जवळजवळ एकसारखी रुंद आहे, त्यामुळे तो अडकायला जागाच नाही.

ती एवढी समांतर का? हा विंगेट सँडस्टोन, म्हणजे वालुकाश्म. सुमारे २० कोटी वर्षांपूर्वी वाऱ्याने साचवलेल्या वाळूच्या टेकड्यांचा दगड झाला आणि पुढे ताण पडून तो उभा तडकला. दोन्ही भिंती एकाच तडकण्यातून तयार झाल्या, म्हणून त्या एकमेकींना जुळतात. आपला सह्याद्री बेसॉल्टचा. आपण सुळक्यावर चढतो तेव्हा नजर सतत होल्ड, म्हणजे पकडायच्या जागा, शोधत असते. ती सवय इथे फारशी उपयोगाला येत नाही. भेगेच्या आजूबाजूला भिंत सपाट आहे. हात आत घालायचा, आत फुगवायचा आणि त्यावर वजन द्यायचं. याला जॅम म्हणतात.

[हाताचा क्लोजअप]

हँड जॅम नीट पाहा. अंगठा वर ठेवून पंजा सरळ आत सरकवा, मनगटापर्यंत. आता अंगठा तळहातावर आडवा घ्या, करंगळीच्या दिशेने. अंगठ्याच्या बुडाशी जो मांसल भाग आहे तो फुगतो. बोटांची टोकं आणि तळहाताची टाच एका भिंतीवर दाबली जातात, मागची हाडं दुसऱ्या भिंतीवर. एवढं जमलं की हात सरळ ठेवून त्यावर लटकता येतं. कोपर वाकवून स्वतःला ओढत राहिलात तर दहा मीटरच्या आत दंड भरून येतात.

भेग थोडी रुंद झाली की पंजा सपाट ठेवून चालत नाही. मग तळहाताची वाटी करायची. बोटांची टोकं एका बाजूला, मधली हाडं दुसऱ्या बाजूला. याला कपिंग म्हणतात, आणि सुपरक्रॅकच्या वरच्या भागात बराच वेळ हेच करावं लागतं. हा जॅम हँड जॅमपेक्षा कमी भरवशाचा वाटतो आणि तो टिकवायला ताकदही जास्त लागते. म्हणून ही भेग नेमकी किती कठीण, ते तुमच्या पंजावर ठरतं. जाड पंजाच्या माणसाला ज्या रुंदीत घट्ट जॅम मिळतो, तिथेच लहान हाताच्या माणसाला वाटी करावी लागते. पुढे तर मूठच घालावी लागते. दोघांसाठी ग्रेडचा आकडा तोच, पण मेहनत वेगवेगळी. दुसऱ्याचं ऐकून 'सोपी आहे' असं धरून जाऊ नका. आधी त्याचा हात बघा.

आता पाय, कारण खरं काम पायांचंच आहे. गुडघा बाहेर फिरवा म्हणजे पाऊल आडवं होईल, अंगठ्याची बाजू वर आणि करंगळीची खाली. तसंच पाऊल भेगेत सरकवा आणि मग गुडघा परत भेगेच्या रेषेत आणा. पाऊल आत पिळलं जातं आणि लॉक होतं. त्यावर उभं राहा, चक्क उभं राहा. पुढचं पाऊल फार तर एक-दीड फूट वर. जास्त उंच घातलेलं पाऊल पिळायला जोर मिळत नाही आणि नंतर ते निघतही नाही. बूट सपाट आणि जरा कडक तळव्याचे हवेत. बोटं वाकवणारे तंग बूट घातलेत तर प्रत्येक पिळाला कळ येईल आणि तुम्ही नकळत वजन हातांवर घ्याल. घोटा झाकणारा बूट किंवा उंच मोजा घाला, नाहीतर घोट्याची कातडी सोलून निघते.

हातांना टेप किंवा क्रॅक ग्लोव्ह लागतातच. झिंक ऑक्साइडची सुमारे ३८ मिलिमीटर रुंदीची टेप घ्या. हाताच्या मागच्या बाजूला आडव्या पट्ट्या, त्या प्रत्येक बोटाच्या मुळाशी अडकवलेल्या, आणि शेवटी मनगटाला वेढे. टेप लावताना मूठ आवळून धरा. उघड्या पंजावर ताणून लावलेली टेप मूठ वळली की रक्त अडवते. तळहात मोकळा सोडा.

[रॅक जमिनीवर मांडलेला]

सामान. इथे रॅक, म्हणजे सोबत न्यायच्या सामानाचा संच, पाहून पहिल्यांदा येणारा चक्रावतो, कारण एकाच मापाचे कॅम पाच-सहा लागतात. भेगेची रुंदी फारशी बदलत नाही, मग कॅमचं माप तरी कसं बदलणार? कॅमेलॉट नावाच्या कॅमच्या मापात बोलतो. २ नंबर, पिवळा, साधारण ३७ ते ६५ मिलिमीटर. ३ नंबर, निळा, साधारण ५१ ते ८८. लांब सरळ भागात हेच दोन चालतात, आणि वर जाल तसा निळ्यांवर भार वाढतो. माझा हिशेब असा : खालच्या टप्प्यासाठी लहान मापांपासून १ नंबरपर्यंत एकेक, पिवळे तीन, निळे पाच ते सहा. हात लहान असतील किंवा लीडची सवय नवी असेल तर निळा आणखी एक घ्या. तिथल्या कॅम्पवर कॅम उसने देण्याघेण्याची पद्धत आहे, म्हणून स्वतःच्या कॅमवर रंगीत टेपची खूण करून ठेवा.

कॅम लावताना त्याच्या पाकळ्या साधारण अर्ध्या मिटलेल्या हव्यात. पूर्ण मिटवून ठोसलेला कॅम निघत नाही, फार उघडलेला जरा हलला की निसटतो. दांडी खालच्या दिशेला, म्हणजे पडल्यावर ओढ जिकडे येईल तिकडे. आणि भिंत बघा. वाळूचे कण सुटत असतील, आत पापुद्रा पोकळ वाजत असेल, तर एक वीत वर किंवा खाली सरका. कॅमवर जेवढी ओढ येते त्याच्या सुमारे दुप्पट दाब तो प्रत्येक भिंतीवर टाकतो. ग्रॅनाइट तो सहन करतो. मऊ वालुकाश्मात पाकळ्या चर काढत घसरत खाली येऊ शकतात.

सुरुवातीचा भाग आखूड आहे, पण तोच नीट वाचावा लागतो. मुख्य भेगेत शिरण्याआधीच्या हालचाली अडचणीच्या आहेत आणि जमीन जवळ आहे. इथे कॅम जवळजवळ लावा. आकडे मांडून बघू. तुमच्या हार्नेसची गाठ जमिनीपासून ६ मीटरवर आहे आणि शेवटचा कॅम ४ मीटरवर. सुटलात तर गाठ कॅमच्या २ मीटर खाली जाणार, म्हणजे जमिनीपासून २ मीटरवर. बिलेअर, म्हणजे खालून दोर सांभाळणारा, त्याच्याकडचा ढिला दोर आणि दोराचा ताण मिळून एक मीटर धरा. उरला एक मीटर, आणि कमरेखाली तुमचे पाय साधारण तेवढेच लांब आहेत. म्हणजे टाचा जमिनीला लागल्याच. त्यामुळे पहिल्या आठ मीटरमध्ये कॅम कमरेच्या फार खाली जाऊ द्यायचा नाही. बिलेअरनेही भिंतीला लागून उभं राहायचं. मागे उभा राहिला तर धक्का बसताच तो पुढे ओढला जातो आणि तेवढाच दोर ढिला होतो.

वर गेल्यावर अंतर वाढवता येतं, दोन-तीन मीटरवर एक चालतो. कॅम छातीच्या उंचीवर लावा. हात ताणून डोक्यावर लावायला गेलात की एका हातावर जास्त वेळ लटकावं लागतं, आणि पुढचा जॅम जिथे हवा होता नेमकी ती जागा कॅम अडवतो. निळे कमी पडत असतील तर वरचा कॅम सोबत सरकवत नेता येतो, पण त्याच्या खाली एक पक्का कॅम राहिलाच पाहिजे. सगळं त्या एका सरकत्या कॅमवर सोडू नका.

इथे लोक पडतात ते बहुतेक थकून. भेगेत एकाहून एक अवघड जागा येतात असं नाही, तीच हालचाल पुन्हा पुन्हा येते. म्हणून विश्रांती आधीच घ्या, दंड भरल्यावर नको. दोन्ही पाय नीट पिळले की एक हात खाली सोडून झटका, मग दुसरा. गती एकसारखी ठेवा.

अँकरवर पोचल्यावर आपल्या दोन क्विकड्रॉ किंवा लॉकिंग कॅराबिनर (दोर अडकवायचे धातूचे हुक) लावून त्यावरून खाली या. तिथल्या कायमच्या कड्यांमधून टॉप-रोप, म्हणजे वरून आलेल्या दोरावरची चढाई, चालवू नका, वाळू लागलेला दोर धातू झपाट्याने खातो. कड्यांमधून दोर फक्त शेवटच्याने ओवायचा. दोर ७० मीटरचा घ्या, आणि बिलेअरकडच्या टोकाला गाठ मारल्याशिवाय कुणालाही खाली सोडू नका.

पावसाबद्दल मी आग्रहाने सांगतो. आपल्याकडे कातळ वरून वाळला की चढायला सुरुवात होते. वालुकाश्म भिजला की आतला बंध कमकुवत होतो आणि पृष्ठभाग कोरडा दिसला तरी आत ओल राहते. पावसानंतर किमान २४ तास थांबा, जोराचा झाला असेल तर ७२ पर्यंत. पायथ्याची माती बोटभर उकरा. खाली ओलसर लागली तर त्या दिवशी चढायचं नाही. मोठ्या प्रवासाची तिकिटं वाया गेली तरी नाही. तुमच्या कॅमने तुटलेली कड परत उगवत नाही.

बरा हंगाम मार्च ते मे आणि सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर. वसंतात काही भिंती शिकारी पक्ष्यांच्या घरट्यांसाठी बंद असतात, त्याची सूचना जाण्याआधी पाहा. मोॲब गावाहून गाडीने साधारण एक तास. पाणी सगळं सोबत न्यायचं, मोबाइलला रेंज मिळेल असं धरू नका. शौचाची पिशवी न्या आणि भरलेली परत आणा. पायवाट सोडू नका, कारण तिथल्या मातीवरचा काळपट खडबडीत थर जिवंत आहे आणि एका पावलाने मोडलेला थर भरून यायला कित्येक वर्षं लागतात. हा प्रदेश बेअर्स इअर्स राष्ट्रीय स्मारकात येतो. होपी, नवाहो, झुनी आणि यूट लोकांचा त्याच्याशी जुना संबंध आहे. कातळावर कोरलेली चित्रं दिसली तर हात लावायचा नाही आणि त्यांच्या जवळून चढायचंही नाही.

परत आल्यावर कॅम धुवा. विंगेटची बारीक वाळू आसात आणि स्प्रिंगमध्ये शिरते, मग ट्रिगर, म्हणजे पाकळ्या मिटवायचा ओढा, अर्धवट अडकतो. कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून ट्रिगर वीस-तीस वेळा ओढा, स्वच्छ पाण्याने काढा, पूर्ण वाळवा आणि आसाला कॅमसाठीचं कोरडं वंगण लावा. कॅमच्या कापडी पट्ट्यांना वंगण लागू देऊ नका. ट्रिगर सोडल्यावर चारही पाकळ्या एकदम उघडल्या की कॅम परत रॅकवर टांगा.