तिसरी काच कोणासाठी?

श्रोतेहो, नमस्कार. घराचं काम काढलं की खिडक्यांची पाळी शेवटी येते, आणि तोवर पैसे संपत आलेले असतात. नेमकं तेव्हाच दुकानदार विचारतो, "काच डबल लावायची की ट्रिपल?" म्हणजे एकाच चौकटीत, मध्ये बंद पोकळी ठेवून, दोन काचा की तीन? माझं उत्तर आधीच सांगून टाकते. मुंबई, ठाणे, पुण्यात डबल पुरे. तीही रस्त्याकडच्या किंवा एसी चालणाऱ्या खोलीला. बाकी खोल्यांना साधी काच चालते.

का, ते सांगते. पण आधी आमच्या भावोजींच्या खिडकीची गोष्ट.

भावोजी बरीच वर्षं म्युनिकला नोकरीला होते. परत आले आणि ठाण्यात घोडबंदर रोडवर सातव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. तिथे रात्री ट्रेलरचं राज्य. आणि आपल्याकडे रस्ता मोकळा असला तरी हॉर्न वाजवायचा असतो, नाहीतर चालवणाऱ्याला गाडी चालवल्यासारखं वाटत नाही. भावोजींचा हट्ट एकच: ट्रिपल. "म्युनिकला बाहेर बर्फ पडला तरी आत कळायचं नाही!" ताई म्हणाली, "अहो, बर्फ पडल्याचा आवाज कधी येतो का?" पण ऑर्डर गेली होती.

खिडकी आली ती लिफ्टमध्ये मावेना. काचेचं वजन दर मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे अडीच किलो. चार-चार मिलिमीटरच्या तीन काचा म्हणजे चौरस मीटरला ३० किलो, चौकट वेगळी. पोरांनी ती जिन्यानं सात मजले चढवली. ताईच्या सासूबाई, माई, त्यांना कोकम सरबत देत होत्या आणि भावोजींकडे बघत होत्या.

रात्री सगळे झोपले आणि पहिला ट्रेलर आला. हॉर्न जसाच्या तसा आत. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, "साहेब, सवय होईल."

शेवटी सोसायटीतलं काम करणारे एक म्हातारे सुतार आले. त्यांनी काचेकडे पाहिलंसुद्धा नाही. माईंकडून एक उदबत्ती मागून घेतली, पंखा बंद करायला लावला आणि उदबत्ती चौकटीच्या कडेकडेनं फिरवत नेली. धूर सरळ वर जात होता. खालच्या कोपऱ्याशी आला आणि एकदम खोलीच्या बाजूला वळला. तिथे चौकट आणि भिंत यांच्यात दोन बोटं फट होती. वरून सिलिकॉनची सुबक रेघ ओढलेली, मागे पोकळ, आणि कोपऱ्यात ती रेघही सुटलेली. मग उदबत्ती एसीच्या पाइपच्या भोकाशी नेली, तर धूर सैरावैरा. भोकात काय, वर्तमानपत्राचा बोळा! सुतारकाकांनी फटीत फोम भरला, दोन्ही अंगांनी सिलिकॉन मारलं, भोक पुट्टीनं बुजवलं. त्या रात्री भावोजी झोपले. काच तीच होती हं, काचेला कोणी हात लावला नव्हता.

आणि आता? माईंना पहाटे मोकळी हवा लागते. त्या खिडकी सताड उघडतात, ती रात्रीपर्यंत उघडीच असते.

तर पुन्हा सांगते: आवाज फटीतून येतो. फट आधी बुजवा, काचेचं नंतर बघा. सरकत्या खिडकीच्या ट्रॅकमध्ये फट राहतेच. बिजागरीची खिडकी रबरावर घट्ट दाबून बसते. दोन काचा वेगवेगळ्या जाडीच्या घ्या, एक सहा मिलिमीटर, एक चार, म्हणजे दोन्ही एकाच सुरावर थरथरत नाहीत. त्यातली एक लॅमिनेटेड, म्हणजे मध्ये प्लॅस्टिकचा पातळ थर घालून चिकटवलेली, असली तर उत्तमच. त्याच जाडीची तिसरी काच आवाजात फारशी भर घालत नाही.

मग तिसरी काच कशासाठी? थंडीसाठी. काचेतून उष्णता किती निसटते ते यू-व्हॅल्यू सांगते. आकडा लहान तितकं चांगलं. एकेरी काच ५.७ च्या आसपास, साधी डबल २.८, पोकळीत आर्गॉन वायू आणि काचेवर लो-ई लेप, म्हणजे उष्णता परत फिरवणारा अगदी पातळ थर, असलेली ट्रिपल ०.७ पर्यंत. म्युनिकला बाहेर उणे पाच, घरात वीस, फरक पंचवीस अंशांचा. ठाण्यात बाहेर चौतीस, एसी पंचवीसवर, फरक नऊचा. नऊ अंशांसाठी तिसऱ्या काचेचे पैसे वसूल व्हायचे कधी?

आपलं दुखणं वेगळं, थेट येणारं ऊन. ते काचा वाढवून अडत नाही, ते उन्हाची उष्णता अडवणाऱ्या लेपानं अडतं. आणि छज्ज्यानं! जुन्या चाळींना, वाड्यांना छज्जे होते. हल्लीच्या इमारती सपाट, गुळगुळीत. पश्चिमेची खोली तापते, मग एसी घ्या, मग बिल भरा. छज्जा काढून टाकणाऱ्या आर्किटेक्टला मे महिन्यात त्याच खोलीत बसवावं, असं माझं मत आहे. असो.

दोन काचांच्या मध्ये धुकं धरलं तर सील गेलं समजा. ते पुसता येत नाही, काचेचा तो संचच बदलावा लागतो. त्यामुळे वॉरंटी बिलावर लिहून घ्या.

आणि पैसे देण्याआधी रात्री काचेसमोर लायटर पेटवून तिरकं बघा. प्रत्येक काचेत ज्योतीची दोन प्रतिबिंबं दिसतात. डबलमध्ये चार, ट्रिपलमध्ये सहा. लो-ई लेपाचे पैसे घेतले असतील तर त्यातल्या एका ज्योतीचा रंग वेगळा दिसायला हवा. चारही सारख्याच दिसल्या, तर दुकानदाराला तिथेच उभं करून विचारा.