लेबलावरची घरची नावं

(दृश्य: पहाटेचा काळोख. डोक्याला लावलेल्या बॅटरीच्या उजेडात घड तोडणारे हात.)

फेब्रुवारीतलं नाशिक. तोडणी उजाडायच्या आत उरकायची घाई आहे. ऊन चढलं की मणी तापतात, क्रेटच्या तळाशी चेंगरलेल्यांचा रस तिथंच आंबायला लागतो. वाईन व्हायची ती टाकीत, क्रेटमध्ये नाही.

ही वाईनची द्राक्षं तोंडात टाकून बघा. मणी बारीक, साल जाड, आत बिया. बाजारात त्यांना कुणी विचारणार नाही. पुढचं सगळं समजायला एवढी एक गोष्ट लक्षात ठेवा.

(दृश्य: ओझर परिसरातल्या मांडवावरच्या बागा.)

नाशिकला द्राक्ष आलं ते खाण्यासाठी. ओझरला १९२५ साली रावसाहेब जयराम कृष्णा गायकवाड यांनी बाग लावली, असं इथं सांगतात. त्यानंतरच्या पिढ्यांनी वेलीची नस ओळखली. युरोपात वेल थंडीत झोपते, इथं ती झोपतच नाही. म्हणून एप्रिलमध्ये नव्या काड्यांसाठी खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता फळासाठी गोडी छाटणी. छाटण्या दोन, पीक एक. डावणी आणि भुरी या रोगांशी झगडा वर्षभर. फ्रेंच पुस्तकात यातलं काही सापडत नाही, ते इथल्या बागायतदाराच्या हातात असतं.

वाईनचे पहिले प्रयत्न १९८०च्या दशकातले. पिंपळगाव बसवंतला सहकारी तत्त्वावर, तर तिकडे पुणे जिल्ह्यात नारायणगावला शामराव चौगुले यांच्या इंडेज कंपनीत फेसाळती वाईन तयार झाली. नारायणगावची बाटली ‘ओमर खय्याम’ नावानं परदेशातही विकली गेली.

मग अमेरिकेतली नोकरी सोडून राजीव सामंत गंगापूर धरणाजवळच्या घरच्या जमिनीवर आले. १९९०च्या दशकाच्या शेवटी त्यांनी सोव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां या वाईनच्या द्राक्षजाती लावल्या, २००० साली पहिली वाईन बाजारात आणली. नाव दिलं सुला. आई सुलभा, तिच्या नावातली पहिली दोन अक्षरं.

(दृश्य: विंचूरच्या वाईन पार्कमधल्या शेड.)

२००१ साली राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं. उत्पादन शुल्क माफ, विंचूरला वाईन पार्क. आणि नाशिकमध्ये घरोघरी हिशेब सुरू झाले. बाग आपली, पाणी आपलं, मग वायनरी का नाही?

निफाडजवळ कुंदेवाडीत यतीन आणि किरण पाटील या दांपत्यानं ‘रेव्हेलो’ काढली. त्यांनी इटलीची वाट धरली. सिसिलीतल्या नेरो द’आवोला आणि ग्रिलो या जाती नाशिकच्या मातीत लावल्या. गुरनानी कुटुंबानं गंगापूर धरणाच्या काठी ‘यॉर्क’ सुरू केली. नाव ऐकून इंग्लंड आठवतं, पण इंग्लंडशी काही संबंध नाही. योगिता, रवी, कैलाश या भावंडांच्या नावांच्या सुरुवातीच्या इंग्रजी अक्षरांतून ते जुळवलं. कैलाश ॲडलेडला वाईन करायला शिकून आले.

(दृश्य: गंजलेलं फाटक, आत रिकाम्या स्टीलच्या टाक्या. काही क्षण निवेदन नाही.)

हा काळ मात्र टिकला नाही. नवी वेल लावल्यापासून भरात यायला दोन-तीन वर्षं जातात. भरभराटीत लावलेल्या बागा धरल्या, तोवर २००८ साल उजाडलं होतं. जगभर मंदी, नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला. हॉटेलं ओस पडली आणि वाईनचा मोठा ग्राहकच गेला. टाक्या भरलेल्या, माल उठेना.

खायच्या द्राक्षाचा भाव पडला तर बेदाणा तरी करता येतो. या जाड सालीच्या, बियांच्या मण्यांना वायनरीशिवाय गिऱ्हाईक नाही. वायनरीनं दार लावलं की बाग म्हणजे नुसता खर्च. कित्येकांनी उभे वेल उपटून टाकले.

धोरणात खोट होती, असं मला वाटतं. त्यानं शेतकऱ्याला कारखाना काढून दिला, पण दुकान दिलं नाही. लाल वाईन महिनोन्‌महिने पिंपात मुरते, तेवढा काळ पैसाही तिथंच मुरतो. दुसऱ्या राज्यात विकायची तर तिथली वेगळी नोंदणी, वेगळे कर. हे सगळं मोठ्या कंपनीला झेपतं, चार माणसांच्या घराला नाही. २०२२च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाईन ठेवायला मंत्रिमंडळानं मंजुरी दिली. त्यावर एवढं वादळ उठलं की निर्णय कागदावरच राहिला.

तोवर २०२१ साली सुलानं यॉर्क विकत घेतली होती. पुढच्या वर्षी डिसेंबरात सुला शेअर बाजारात उतरली.

(दृश्य: गंगापूर धरणाचं पाणी, काठावर वेलींच्या रांगा. उजाडलंय.)

आईच्या नावाची कंपनी, आणि तिच्या पदरात तीन भावंडांच्या नावाची वायनरी. आजची तोडणी संपली. क्रेट ट्रॅक्टरवर चढलेत.