आघाडीला बटण नसतं

नमस्कार श्रोतेहो.

मतदान केंद्रात त्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे आपण उभे राहतो, तेव्हा समोरच्या यंत्रावर काय काय असतं, आठवून बघा. उमेदवाराचं नाव, त्याचा फोटो, चिन्ह आणि निळं बटण. आधी मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार, मग नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षांचे, त्यानंतर अपक्ष आणि सगळ्यात शेवटी ‘नोटा’. ‘महायुती’ किंवा ‘महाविकास आघाडी’ ही अक्षरं तिथे कुठेही नसतात. महिनाभर भाषणांत, पोस्टरवर, रिक्षाच्या भोंग्यावर तीच नावं घोळलेली असतात, पण लोकप्रतिनिधित्व कायदा पक्षाला ओळखतो, उमेदवाराला ओळखतो, आघाडीची त्याला ओळख नाही. मतमोजणीही पक्षवारच होते. आघाडीची बेरीज आपण करतो, वाहिन्या करतात आणि मग राज्यपाल करतात.

नोव्हेंबर 2024 ची आपली विधानसभा निवडणूक या नजरेतून पुन्हा बघण्यासारखी आहे. जागा 288, मतदान 20 तारखेला एकाच टप्प्यात, निकाल 23 ला. एकीकडे भाजप, शिंदे यांची शिवसेना आणि अजित पवारांची राष्ट्रवादी. दुसरीकडे काँग्रेस, ठाकरे यांची शिवसेना आणि शरद पवारांची राष्ट्रवादी. तीन विरुद्ध तीन. त्यातली दोन घरं मधोमध चिरलेली, त्यामुळे मतदाराला एकाच घराण्याची दोन चिन्हं पाठ करावी लागली. धनुष्यबाण इकडे, मशाल तिकडे. घड्याळ इकडे, तुतारी वाजवणारा माणूस तिकडे. चिन्हाचा घोळ किती महागात पडतो हे त्याच वर्षी लोकसभेला साताऱ्यात दिसलं होतं. तिथे निकालाचा फरक होता सुमारे 32 हजार मतांचा, आणि तुतारीशी घोळ होणारी पिपाणी घेऊन उभ्या असलेल्या अपक्षाला पडली 37 हजार. तुतारीवाल्यांचं दुःख मी समजू शकतो.

जागावाटपाचं बोलू. खरी झुंज आधी तिथेच होते, आणि ती आपसात होते. ज्याच्या वाट्याला जास्त जागा, त्याचे जास्त आमदार, आणि ज्याचे जास्त आमदार त्याचा मुख्यमंत्रिपदावर हक्क, हा आपल्याकडचा ‘मोठा भाऊ, लहान भाऊ’ हिशोब. तो नेहमी खरा ठरतोच असंही नाही. 2004 मध्ये राष्ट्रवादीचे 71 आणि काँग्रेसचे 69 आमदार आले, तरी मुख्यमंत्री काँग्रेसचे विलासराव देशमुख झाले. राष्ट्रवादीनं त्या बदल्यात जास्तीची मंत्रिपदं घेतली. पण हिशोब डोक्यातून जात नाही. म्हणून मित्राचा उमेदवार निवडून यावा, पण फार जणांनी निवडून येऊ नये, अशी एक इच्छा प्रत्येक आघाडीत असते. ती कुणी माईकवर बोलून दाखवत नाही. गावात मात्र तिला सरळ ‘पाडापाडी’ म्हणतात.

आता कोल्हापूर उत्तरला चला. काँग्रेसनं आधी माजी नगरसेवक राजेश लाटकर यांना उमेदवारी दिली. पक्षातल्याच लोकांनी विरोध केला, तेव्हा ती बदलून मधुरिमाराजे छत्रपती यांना दिली. लाटकर अपक्ष उभे राहिले. 4 नोव्हेंबर हा माघारीचा शेवटचा दिवस, दुपारी तीनला दार बंद होणार, आणि घड्याळाचे काटे तिथे टेकत आले असताना मधुरिमाराजेंनीच अर्ज मागे घेतला. पक्षाचे जिल्ह्यातले नेते जाहीरपणे भडकले. पण तीन वाजून गेल्यावर भडकून काय उपयोग? काँग्रेसनं 2019 ला जिंकलेल्या मतदारसंघात यंत्रावर हाताचा पंजाच उरला नाही. मग ज्यांची उमेदवारी कापली त्या लाटकरांनाच पाठिंबा द्यावा लागला आणि पंजाचे कार्यकर्ते प्रेशर कुकर घेऊन दारोदार हिंडले. जागा शिंदेसेनेच्या राजेश क्षीरसागर यांनी जिंकली.

महायुतीत सगळं सुरळीत होतं असं समजू नका. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी शिंदेसेनेचे एबी फॉर्म हवाई मार्गानं नाशिकला गेले, देवळाली आणि दिंडोरीसाठी. या दोन्ही जागा मित्राच्या, म्हणजे घड्याळाच्या होत्या. एबी फॉर्म म्हणजे पक्षानं सही करून दिलेला कागद. तो वेळेत पोचला तर उमेदवार पक्षाचा, नाही तर अपक्ष. पुढे दिंडोरीत माघार झाली. देवळालीत झाली नाही, आणि धनुष्यबाण व घड्याळ दोन्ही यंत्रावर राहिले. अशा प्रकाराला आपले नेते ‘मैत्रीपूर्ण लढत’ म्हणतात. मित्रांनी एकमेकांना पाडायला उभं राहायचं आणि वर मैत्रीही टिकवायची, हा शब्द ज्यानं काढला त्याला दाद द्यावी लागेल. देवळाली शेवटी घड्याळानंच राखली.

सोलापूर जिल्ह्यात तर आघाडीचे दोन नमुने शेजारी शेजारी. सोलापूर दक्षिणला महाविकास आघाडीचे अधिकृत उमेदवार मशालीचे अमर पाटील. ऐन मतदानाच्या दिवशी काँग्रेसचे सुशीलकुमार शिंदे आणि प्रणिती शिंदे यांनी अपक्ष धर्मराज काडादी यांना पाठिंबा जाहीर केला. मशालीचे लोक संतापले आणि भाजपचे सुभाष देशमुख निवडून आले. सांगोल्यात मात्र उलटं झालं. शेतकरी कामगार पक्ष आघाडीतला जुना मित्र, गणपतराव देशमुखांनी अकरा वेळा जिंकलेला हा मतदारसंघ, तरी ठाकरे गटानं तिथे आपला उमेदवार दिला. मित्र मित्रासमोर उभा राहिला, तरी गणपतरावांचे नातू बाबासाहेब देशमुख निवडून आले. आघाडी तुटली तर हरतोच, असा नियम नाही. ज्याची स्वतःची माणसं गावागावात घट्ट आहेत, त्याला वरच्या कागदाची फारशी गरज पडत नाही. लोकसभेला सांगलीत काँग्रेसच्या विशाल पाटलांनी तेच दाखवलं होतं. जागा मशालीला गेली, ते अपक्ष उभे राहिले आणि लाखाच्या फरकानं दिल्लीला गेले.

एका मित्राची मतं दुसऱ्याच्या चिन्हाकडे वळतात का, म्हणजे मतांची बदली होते की नाही, ते ठरतं बूथवर. बूथच्या बाहेर, आखून दिलेल्या अंतरापलीकडे, टेबल टाकून बसलेली मुलं बघा. जागा मित्रपक्षाला सुटलेली असेल तर त्या टेबलाचा रंग बघण्यासारखा असतो. टेबलावर मित्राच्या उमेदवाराचं पत्रक, बसलेल्याच्या गळ्यात स्वतःच्या पक्षाचं उपरणं. मतदार यादीतलं नाव शोधून चिठ्ठी लिहून द्यायची, आणि देताना कुठलं चिन्ह ते हळूच सांगायचं, एवढंच काम. ते सांगताना मुलाच्या तोंडी उमेदवाराचं नाव सहज आलं तर बदली झाली समजायची. दहा-दहा वर्षं ज्याच्याविरुद्ध घोषणा दिल्या, गावच्या सोसायटीत ज्याच्याशी वैर, त्याच्यासाठी आज उन्हात बसायचं. काही बसतात. काही दुपारी जेवायला म्हणून जातात ते पाचनंतर उगवतात. यंत्राला यातलं काही कळत नाही, पण उमेदवाराला संध्याकाळपर्यंत सगळं कळलेलं असतं.

निकालाचे आकडे आता बघू, कारण इथे फसगत फार होते. भाजप 132, शिंदेसेना 57, अजित पवारांची राष्ट्रवादी 41. समोर ठाकरेसेना 20, काँग्रेस 16, शरद पवारांची राष्ट्रवादी 10. पाचच महिन्यांपूर्वी लोकसभेला महाविकास आघाडीनं 48 पैकी 30 जागा घेतल्या होत्या, तेव्हा उलटापालट केवढी! लाडकी बहीण योजनेचे दरमहा 1500 रुपये, लोकसभेच्या धक्क्यानंतर झडझडून उठलेले महायुतीचे कार्यकर्ते, समोरच्यांचं शेवटच्या दिवसापर्यंत रेंगाळलेलं जागावाटप, कारणं अनेक सांगितली जातात. कुठल्या कारणाला किती गुण द्यायचे यावर वाद घालणाऱ्यांनी घालावा.

मला जास्त मजा वाटते ती मतांच्या टक्केवारीची. काँग्रेसला मिळाली 12.42 टक्के मतं, शिंदेसेनेला 12.38. म्हणजे बरोबरीच. आणि जागा? 16 आणि 57. काँग्रेस 101 ठिकाणी लढली, शिंदेसेना 81 ठिकाणी. शरद पवारांच्या पक्षाला 11.28 टक्के, अजित पवारांच्या पक्षाला 9.01 टक्के, जागा 10 विरुद्ध 41. मतं जास्त आणि जागा चौथा हिस्सा! नुसत्या टक्केवारीवरून ‘अमक्याचा पाया अजून शाबूत आहे’ म्हणणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावं. त्या टक्क्यांत मित्राची मतं मिसळलेली असतात. पंजाला पडलेल्या मतांत मशालीची किती आणि तुतारीची किती, हे कुठल्याही तक्त्यात सापडणार नाही, आणि धनुष्यबाणाला पडलेल्यांत कमळाची किती, हेही नाही. पक्षाची स्वतःची ताकद कळते ती सगळे वेगळे लढतात तेव्हा. तसं 2014 मध्ये झालं होतं. 25 सप्टेंबरच्या एकाच दिवशी युतीही तुटली आणि आघाडीही, आणि चौघांचे खरे आकडे उघडे पडले. भाजप 122, शिवसेना 63, काँग्रेस 42, राष्ट्रवादी 41.

आता निकालानंतरचं. निवडणुकीआधीच्या आघाडीला बहुमत मिळालं तर सरकार बनवायला आधी तिला बोलवावं, असं केंद्र-राज्य संबंधांवरच्या सरकारिया आयोगानं सुचवलं होतं. पण ती आघाडी टिकवण्याची सक्ती कुणावर नाही. पक्षांतरबंदी एकेका आमदाराला त्याच्या पक्षाशी बांधते, पक्षाला मित्राशी बांधत नाही. 2019 ला आपण ते पाहिलंच. भाजप 105, शिवसेना 56, मिळून 161, बहुमत चोख. तरी मुख्यमंत्रिपदावर अडलं, 12 नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागली, 23 च्या सकाळी लोक चहा घेत असताना एक शपथविधी झाला, तो टिकला नाही, आणि 28 ला शिवाजी पार्कवर भलत्याच तीन पक्षांचं सरकार आलं. गोव्यानं ते 2017 मध्येच करून दाखवलं होतं. गोवा फॉरवर्डनं भाजपविरोधात मतं मागितली, 3 आमदार निवडून आणले आणि भाजपच्याच पर्रीकरांच्या मंत्रिमंडळात जाऊन बसले; 17 जागांची काँग्रेस बघत राहिली.

2024 मध्ये एवढ्या मोठ्या विजयानंतर तरी सगळं चटकन उरकेल असं वाटलं होतं. निकाल 23 नोव्हेंबरला, शपथविधी 5 डिसेंबरला आझाद मैदानावर, खातेवाटप त्याहून उशिरा. आणि 18 जानेवारीला पालकमंत्र्यांची यादी जाहीर झाली, तेव्हा रायगड आणि नाशिक या दोन जिल्ह्यांची नेमणूक दुसऱ्याच दिवशी स्थगित करावी लागली. विरोधक उरले होते पन्नासाच्या आसपास. हरकत मित्रांनी घेतली होती.

नमस्कार.