न्यूट्रलला ठेवा, साहेब

(नवी पेठ, सोलापूर. संध्याकाळचे साडेसात. दुकानांचे दिवे, दोन्ही बाजूंना गाड्या, मधून वाट काढणारी माणसं.)

"येऊ द्या... येऊ द्या... डावीकडं काट मारा... अजून... येऊ द्या..."

आणि मग डिक्कीवर थाप. "बस्स!"

ही थाप आणि मागच्या गाडीला बंपर टेकल्याचा 'डुब्ब' आवाज, यांच्यात फारसं अंतर नसतं. खरं सांगायचं तर बऱ्याचदा आवाज आधी येतो, 'बस्स' नंतर.

पांढरी गाडी मागे आली. मागं उभी असलेली लाल गाडी एकदा डोलली आणि पुन्हा जागेवर बसली. कुणी वळून पाहिलं नाही. चालक उतरला, दोन्ही बंपरांच्या मध्ये वाकून एक नजर टाकली, हाताने धूळ झटकली आणि साडीच्या दुकानात शिरला.

सोलापूरच्या या पेठा टांग्याच्या जमान्यातल्या. भिंती होत्या तिथंच आहेत. बदलल्या त्या गाड्या. मारुती 800 ची रुंदी 1440 मिलीमीटर. आज लग्नाच्या खरेदीला घरटी एक निघणारी क्रेटा 1790 मिलीमीटरची. म्हणजे दर गाडीला फूटभर रुंदी जास्तच. समोरासमोर दोन लावल्या की दोन फूट रस्ता गेला.

यात एक गंमत आहे. 2006 च्या अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांवरचा अबकारी कर कमी झाला. छोटी म्हणजे चार मीटरच्या आतली आणि इंजिनही बेताचं असलेली. तेव्हापासून कंपन्यांनी डिक्क्या कापून 3995 मिलीमीटरच्या गाड्या काढल्या. लांबीला कर, रुंदीला नाही. मग गाड्या कुठल्या अंगानं सुटल्या, ते या गल्लीत उभं राहून बघावं.

(जवळून: बंपरचा कोपरा. पांढऱ्यावर लाल, लालवर निळं, त्याखाली उघडं पडलेलं काळं प्लास्टिक.)

बंपर मुळात धक्का खायलाच असतो. अँबॅसिडरला लोखंडी, क्रोम चढवलेला बंपर असायचा. गाडीच्या अंगापासून सुटा, पुढं आलेला. भिंतीला टेकला तर भिंतीचा चुना निघायचा. आता बाहेरून जे दिसतं ते प्लास्टिकचं कातडं. त्याच्या आत बहुतेक गाड्यांत फोम, आणि त्याच्या आत आडवा पत्रा. कातड्याला रंग गाडीचाच. त्यामुळं धक्का झेलणारी वस्तू मिरवायची वस्तू झाली. भांडणाचं मूळ इथं आहे, असं मला वाटतं.

अमेरिकेत याचा कायदाच आहे. सत्तरच्या दशकात तिथं नियम आला, की ताशी पाच मैलांच्या, म्हणजे आठ किलोमीटरच्या, टकरीत दिवे, डिक्की, बॉनेट शाबूत राहिलं पाहिजे. 1982 मध्ये तो आकडा निम्म्यावर, ताशी चार किलोमीटरवर आणला. चार किलोमीटर म्हणजे आपण सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी रमतगमत चालतो तो वेग. पॅरिसच्या जुन्या गल्ल्यांत तर पुढची-मागची गाडी हलकेच रेटून जागा करायची सवय जगभर माहीत आहे.

आपल्याकडं रेटायची पद्धत वेगळी. आपण हाताने रेटतो.

"न्यूट्रलला ठेवा साहेब, हँडब्रेक लावू नका." गाड्यांवर लक्ष ठेवणाऱ्या माणसाचं हे वाक्य ऐकून ऐकून पाठ होतं. सपाट रस्ता, गाडी न्यूट्रलला. आतली गाडी काढायची झाली, की दोघं जण बाहेरच्या गाडीच्या डिक्कीला तळहात लावतात, ती हातभर सरकते, आतली निघते. ज्याची गाडी सरकली, तो तोवर दुकानात चादरीचा भाव करत असतो. त्याला पत्ताही नसतो. अनोळखी माणसांनी एकमेकांवर टाकलेला एवढा विश्वास मी दुसरीकडं क्वचितच पाहिलाय.

आता त्यात ऑटोमॅटिक गाड्या आल्या. 'पी'वर, म्हणजे पार्किंगच्या गिअरवर, टाकून मालक निघून गेला, की ती जागची हलत नाही. काहींना तर हँडब्रेकचा दांडाही नाही, नुसतं बटण. दोघं रेटतात, चौघं रेटतात, गाडी ढिम्म. मग आतला माणूस वैतागून पुढं-मागं, पुढं-मागं करत कोपरा काढतो. आणि कोपरा घासतो.

1 जुलै 2019 पासून नव्या कारला मागचे सेन्सर सक्तीचे झाले. आवाजाच्या लहरी सोडायच्या, परत आल्या की अंतर काढायचं, अशी त्यांची तऱ्हा. नवी पेठेत ते बिचारे काय करणार? मागून स्कूटर जाते, टुकटुक. पिशवीवाल्या मावशी जातात, टुकटुक. शेवटी चालक गाण्याचा आवाज वाढवतो.

(दोन माणसं. दोन बंपर. बघे जमू लागलेले.)

"काय बे, दिसंना का तुला?"

"दिसतंय की! टेकलंच नाही बे."

"मग हे काय?"

"ते जुनं आहे."

पाच मिनिटं असंच. मग कुणीतरी विचारतं, राहायला कुठं. एक पूर्व भागातला निघतो, दुसऱ्याचा मेहुणाही तिथलाच. 'बे'चं 'मालक' होतं. "जाऊ द्या मालक, रबिंग मारलं की जातंय."

जातंय का, हे विचारायला आम्ही कॅमेरा घेऊन होटगी रोडकडच्या एका गॅरेजात गेलो. मिस्त्रींनी यंत्र वगैरे काढलं नाही. अंगठा ओला केला आणि ओरखड्यावरून फिरवला. ओलं असेपर्यंत रेघ नाहीशी झाली, तर ती फक्त रंगावरच्या पारदर्शक थरात, लॅकरमध्ये, आहे, पॉलिशनं जाईल. दिसतच राहिली, तर रंगापर्यंत गेलीय. मग नख आडवं फिरवायचं. नख अडकलं, तर रंगकाम. बंपर आत दबला असेल तर गरम हवा द्यायची आणि आतून ढकलायचा, बरेचदा 'टक्' करून बाहेर येतो. क्लिपा तुटल्या असतील तर मात्र खर्च.

विम्याचं विचारलं तर ते हसले. वर्षभर दावा केला नाही की स्वतःच्या गाडीच्या विम्याच्या हप्त्यात 20 टक्के सूट, सलग पाच वर्षांनंतर 50 टक्क्यांपर्यंत. एका बंपरसाठी ती कोण घालवणार? शिवाय साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागाची निम्मी किंमत घसारा म्हणून कापली जाते. म्हणून पेठेतले ओरखडे कागदावर येत नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 प्रमाणे दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं, तर चालकानं 24 तासांच्या आत पोलिसांना कळवायचं असतं. हे गल्लीत एकाला सांगितलं. त्यानं माझ्याकडं जसं पाहिलं, तसं कॅमेऱ्याकडंही पाहिलं.

(रात्रीचे साडेनऊ. शटर खाली येताहेत.)

चित्रीकरण संपवून आम्ही आमच्या गाडीकडं आलो. मी स्वतः न्यूट्रलला ठेवली होती. ती होती तिथून दोन हात पुढं उभी होती. आणि मागच्या बंपरला, डाव्या कोपऱ्यात, बोटभर निळी रेघ.

शेजारी निळी गाडी नव्हती. गाड्या बघणारा माणूसही घरी गेलेला.

मी अंगठा ओला केला, रेघेवरून फिरवला. रेघ गेली. कॅमेरामन म्हणाला, "थांबा, वाळू द्या."

वाळल्यावर पुन्हा दिसली.