अ‍ॅक्सिऑन ऐकायचा कसा?

कणकुंबीला, जिथं मलप्रभा उगम पावते, तिथं उन्हाळ्यातल्या निरभ्र रात्री आकाशगंगेचा पट्टा अजून नुसत्या डोळ्यांनी दिसतो. पण विश्वातल्या पदार्थापैकी सुमारे 85 टक्के पदार्थ उजेड देत नाही आणि अडवतही नाही. त्याची ओढ तेवढी कळते. आपल्या आकाशगंगेसारख्या दीर्घिकांच्या कडेचे तारे इतके वेगानं फिरतात, की दिसणाऱ्या पदार्थाला ते धरून ठेवणं जमलं नसतं.

हा न दिसणारा कृष्णपदार्थ अ‍ॅक्सिऑन नावाच्या कणांचा असू शकतो. हा कण इलेक्ट्रॉनपेक्षा शंभर अब्ज पटींनी हलका असू शकतो. मग तो पकडायचा कसा? 1983 साली भौतिकशास्त्रज्ञ पिएर सिकिवी यांनी वाट दाखवली. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात अ‍ॅक्सिऑनपासून सूक्ष्मलहरी निर्माण होऊ शकतात, आणि धातूच्या पोकळीचा सूर, म्हणजे कंपनसंख्या, जुळला तर त्या तिथं घुमतात.

बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत एक तांब्याचा रॉड लेथवर चढलाय. लालसर सालं वेटोळी होऊन खाली पडतायत. कारागीर मशीन थांबवतो, मायक्रोमीटर लावतो, पुन्हा एक हलका कट घेतो. अमेरिकेतल्या सिॲटलच्या ‘एडीएमएक्स’ या अ‍ॅक्सिऑन शोधणाऱ्या प्रयोगात पोकळीच्या आत असेच तांब्याचे दोन रॉड असतात. ते किंचित फिरवले की सूर बदलतो. संध्याकाळी सांगली केंद्र लावताना आपण रेडिओचं बटण फिरवतो, तसंच. फक्त इथं केंद्र कुठं लागेल हे कुणालाच ठाऊक नाही. आणि आवाज? एका वॉटचे एकावर तेवीस शून्यं इतके भाग करा, त्यातला जेमतेम एखादा. उष्णतेच्या खरखरीत तो बुडू नये म्हणून पोकळी निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे शक्य असलेल्या सगळ्यात कमी तापमानाच्या, जेमतेम 0.1-0.2 अंश वर थंड ठेवतात.

आम्हाला सगळ्यात भावला तो या लोकांचा काटेकोरपणा. गटातलेच काही जण गुपचूप खोटा संकेत आत सोडतात, बाकीच्यांना तो सापडतो का हे बघायला. खरा वाटणारा संकेत मिळाला, तर चुंबकाचा जोर उतरवायचा. बाहेरून घुसलेली रेडिओलहर तशीच राहील. अ‍ॅक्सिऑनचा संकेत मात्र चुंबकाबरोबर विरेल.

2018 मध्ये त्यांनी कणाच्या वस्तुमानाचा 2.66 ते 2.81 मायक्रोइलेक्ट्रॉनव्होल्टचा (कणांचं वस्तुमान मोजायचं हे एकक) पट्टा तपासून सांगितलं: इथं काही सापडलं नाही. पट्टा चिंचोळा, पण सिद्धांताला अपेक्षित असलेला क्षीण संकेतही टिपू शकेल अशा यंत्रानं तपासलेला.

कण जितका जड, तितका सूर वरचा आणि पोकळी लहान. लहान पोकळीत संकेत आणखी मंदावतो. म्हणून पुढच्या टप्प्यासाठी चार पोकळ्या एकत्र जोडायचं ठरलं. चारही एकाच सुरात लावायच्या, आणि रॉड फिरले तरी तो सूर फुटू द्यायचा नाही.