दिलेली ओळ, रोजची कविता

(दादर येथे नवोदित कवींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो,

'ठठं ठठं ठं ठठठं ठठं ठः.' भोजराजाच्या दरबारात ही ओळ समस्या म्हणून, म्हणजे श्लोक पुरा करण्यासाठी आधीच ठरवलेला चरण म्हणून दिली गेली आणि कालिदासाने ती पुरी केली, अशी आख्यायिका आहे. दोघांचे काळ जुळत नाहीत, त्यामुळे आख्यायिका म्हणूनच घ्या. ओळीला अर्थ नाही, नुसता नाद आहे. कवीने उरलेले तीन चरण असे रचले, की राज्याभिषेकाच्या वेळी एका तरुणीच्या हातून सोन्याचा घडा निसटला, जिन्यावरून गडगडत गेला आणि असा वाजला.

मला इथे समस्या देणाऱ्याचं कौतुक जास्त वाटतं. त्याने 'राजवैभव' असा विषय दिला असता, तर दरबारातल्या प्रत्येकाकडे त्यावरचा श्लोक तयारच असता. त्याने आवाज दिला. मग हा आवाज कशाचा, कुठे झाला, कोणाच्या हातून झाला, हे कवीला शोधावं लागलं.

कविता लिहायला दिलेली ओळ किंवा विषय, आज ज्याला आपण सर्रास 'प्रॉम्प्ट' म्हणतो, ते आपल्याकडे असं जुनं आहे. उर्दूतल्या तरही मुशायऱ्यात मिसरा, म्हणजे एक ओळ, आधी दिला जातो आणि सगळे त्याच जमिनीत, म्हणजे त्याच वृत्तात आणि त्याच काफिया-रदीफात (यमक आणि त्यानंतर तसेच परत येणारे शब्द) गझल लिहून आणतात. मराठी गझलकारांनाही हे नवीन नाही. अमेरिकेत मॉरीन थॉर्सन या कवयित्रीने २००३ साली एप्रिलच्या तीस दिवसांत तीस कविता लिहायचा उपक्रम सुरू केला आणि तो जगभर पसरला. आपल्या आज्या-पणज्यांना मात्र एप्रिलची वाट बघावी लागली नाही. दळण रोजचं होतं, म्हणून ओवी रोजची होती. 'पहिली माझी ओवी' हे सुरुवातीचे शब्द ठरलेले; पुढे भाऊ येवो, सासर येवो, विठ्ठल येवो. अशा लाखभर ओव्या हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगाव फिरून गोळा केल्या. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांनी कामं करता करता रचलेली गाणी घरच्यांनी टिपून घेतली, म्हणून आपल्यापर्यंत आली.

आता आजच्या कवितांच्या मोबाइल ग्रुपवरचे विषय बघा. सोमवारी 'आई', मंगळवारी 'पाऊस', बुधवारी 'मैत्री', गुरुवारी 'तुझी आठवण'. संध्याकाळपर्यंत शंभर कविता येतात आणि रात्री सन्मानपत्रं वाटली जातात. लिहिणाऱ्यांची ओढ खरी असते. कामावरून दमून आलेली माणसं लिहितात, याची मला किंमत आहे. पण 'पाऊस' म्हटलं की 'रिमझिम', 'चिंब' आणि 'मृद्गंध' हे शब्द आपोआप हाताशी येतात. त्यातला एकही शब्द लिहिणाऱ्याने स्वतः पाहिलेला नसतो, ते पाठ झालेले असतात. विषय जितका मोठा, तितकी पाठांतराची सोय जास्त.

म्हणून मी विषय अरुंद करून देतो. एका वर्गात असं दिलं होतं: जुलैचा महिना, दादर स्टेशनचा जिना, दोनच ओळी, अष्टाक्षरी. पाऊस, पाणी, ओलं, भिजणं यांतला एकही शब्द वापरायचा नाही. पहिली दहा मिनिटं नुसती चुळबुळ. मग बँकेत नोकरी करणाऱ्या एका बाईंनी वाचलं:

मिटलेल्या छत्रीतून
ठिबकते हे दादर

सगळा वर्ग 'वा' म्हणाला, आणि वा म्हणण्यासारखंच होतं. पण त्यातलं 'हे' बघा. ते भरतीचं आहे, आठ अक्षरं भरायला आलेलं. त्याच बाईंनी थोड्या वेळाने बोटांवर मोजत ओळ बदलली: 'ठिबकतंय दादर'. अक्षरं तेवढीच, भरतीचा शब्द गेला आणि बोलण्यातलं मराठी आत आलं. 'पाऊस' या विषयावर महिनाभर लिहूनही ही ओळ आली नसती, असं माझं मत आहे. मनाई केल्यामुळे त्यांना जिन्याकडे बघावं लागलं.

शिरीष पै यांनी हायकू मराठीत रुजवला, तेव्हा आपण तीन ओळी घेतल्या. जपानी हायकूत ऋतुसूचक शब्द असतो आणि अशा शब्दांचे कोशच तिथे असतात, त्याकडे मात्र आपलं फारसं लक्ष गेलं नाही. मुंबईचा असा कोश तुम्ही स्वतः करा. १ जूनपासून दोन महिने मासेमारी बंद असते, तेव्हा कोळीवाड्यात ओढून ठेवलेल्या होड्या. नारळी पौर्णिमेला त्याच होड्यांवरचा ताजा रंग. छत्री दुरुस्त करणाऱ्याने फुटपाथवर मांडलेल्या काड्या. गणपतीआधी लालबागच्या फुटपाथवरचे बांबू. ऑक्टोबरमध्ये गच्चीवर वाळत घातलेल्या गाद्या. दसऱ्याच्या आदल्या रात्री दादरच्या फुलबाजारात झेंडूच्या पाटीवर डोकं टेकून झोपलेला माणूस. एवढ्यातून वर्षभराचे विषय निघतील, आणि ते दुसऱ्या कोणाचे नसतील.

कवी अरुण कोलटकर काळा घोड्याजवळच्या वेसाइड इन या उपाहारगृहात वर्षानुवर्षं बसत आणि समोरचा चौक बघत. त्या चौकातून, त्यातल्या कुत्र्यांतून, झाडूवाल्या बायकांतून एक अख्खा संग्रह उभा राहिला. तो २००४ साली आला, ते गेले त्याच वर्षी. रोजची कविता म्हणजे रोज नवीन जागा शोधणं, असा समज असेल तर तो सोडून द्या.

'रोज कशाला? सुचेल तेव्हा लिहू,' असं मला नेहमी विचारतात. माझं उत्तर असं आहे. पहिले काही दिवस आपण जे आधीच येतं तेच लिहितो: आई, गाव, विठ्ठल, विरह. हा साठा प्रत्येकाकडे असतो आणि तो संपावा लागतो. दुसऱ्या आठवड्याच्या आसपास 'आता काही उरलं नाही' असं वाटायला लागतं. तिथे बरेच जण थांबतात, आणि मला वाईट वाटतं, कारण खरं लिहिणं तिथूनच सुरू होणार असतं. आतलं संपल्याशिवाय आपली नजर बाहेर जातच नाही.

वेळ नाही, ही तक्रार मुंबईत कोणाची नसते? पण डोंबिवलीहून दादरपर्यंत उभ्याने, एका हाताने कडी धरून मोबाइलवर चार ओळी टाइप करणारी माणसं या सभागृहात बसली आहेत. पंधरा मिनिटं पुरतात. एक मात्र करा, त्या दिवसाची कविता त्याच दिवशी कोणाला पाठवू नका. वही मिटा. महिनाभराने उघडली की कोणती ओळ जिवंत आहे, ते तुमचं तुम्हालाच कळेल. तीसातल्या दोन उरल्या, तरी महिना सार्थकी लागला.

पुढच्या वेळी भेटाल तेव्हा एवढं लिहून आणा. आज इथून घरी जाताना कानावर पडलेलं कोणाचंही एक वाक्य, जसंच्या तसं, पहिली ओळ म्हणून घ्या. त्याखाली अष्टाक्षरीत सहा ओळी. 'गर्दी', 'स्वप्न' आणि 'मन' हे तीन शब्द वर्ज्य. स्टेशनचं नाव हवं असेल तर एकदाच येऊ द्या. अक्षरं बोटांवर मोजा आणि कुठे भरतीचा शब्द आला असेल, तर त्याखाली रेघ मारून आणा. सुरुवात आपण तिथूनच करू.